साचेखात्यातलं बोलणं

गीलाँग, ऑस्ट्रेलिया
११ फेब्रुवारी १९७३

प्रिय मिसेस विडॉप,

आपली ओळख नाही. मी जॉइस हार्टली, विनी हार्टलींची सून. तुमचा पत्ता नाताळच्या कार्डावरून घेतला. सासूबाई तुमचं कार्ड पुढचं येईपर्यंत चहाच्या डब्याला टेकवून ठेवतात. त्यावर पत्ता आणि सही यांशिवाय कधीच काही नसतं, पण वेनशॉमधलं त्यांच्या ओळखीचं दुसरं कुणी मला ठाऊक नाही.

सासरे दोन वर्षांपूर्वी गेले. तेव्हापासून सासूबाई आमच्याकडे आहेत. गेले काही महिने त्यांचं काही ठीक दिसत नाही. हाक मारली तरी ओ देत नाहीत. शिवायला बसल्या की सुईच्या नेढ्याला ओठ लावतात. रोज संध्याकाळी सासऱ्यांच्या रिकाम्या खुर्चीसमोर बसतात आणि आवाज न करता तोंड हलवत राहतात. आधी मला वाटलं प्रार्थना करत असतील. पण प्रार्थना करताना कुणी डोळे मिचकावत नाही, आणि हसतही नाही.

आम्ही डॉक्टरांना बोलावलं. भला माणूस आहे. त्यांनी विचारलं, "जन्म कुठला?" त्या म्हणाल्या, "यॉर्कशायर." कागदांवर लँकेशायर आहे. डॉक्टरांनी विचारलं, "घर नदीच्या कुठल्या काठाला होतं?" त्या म्हणाल्या, "लँकेशायरच्या." "मग जन्म लँकेशायरचाच ना?" तर म्हणाल्या, "नाही हो, यॉर्कशायरचाच. नदी दुसरीकडे होती." डॉक्टरांनी वही मिटली. बाहेर येऊन म्हणाले, वय झालंय, बुद्धी विरळ होत चालली आहे, म्हाताऱ्यांच्या आश्रमाचा विचार करा.

माझे पती डोनाल्ड अजून हो म्हणालेले नाहीत आणि नाहीही म्हणालेले नाहीत. म्हणून तुम्हाला विचारते. त्या पहिल्यापासून अशाच होत्या का?

आपली,
जॉइस हार्टली

•

टेंटर रो, वेनशॉ
२५ फेब्रुवारी

मिसेस हार्टली यांस,

विनी पहिल्यापासून अशीच होती. तुमच्या डॉक्टरांना सांगा, तिने दिलेली तिन्ही उत्तरं बरोबर आहेत, फक्त त्यांचा प्रश्न अपुरा होता.

आमच्याकडे वेन नदी म्हणजे हद्द. अलीकडे यॉर्कशायर, पलीकडे लँकेशायर. पण माझ्या आजोबांच्या लहानपणी गिरणीच्या मालकाला चाकासाठी जास्त पाणी हवं झालं, म्हणून त्याने नदीच वाकवून आपल्या दाराशी आणली. आमची टेंटर रो, म्हणजे पूर्वी जिथे लोकर ताणून वाळवायचे ती आळी, त्यामुळे रातोरात पलीकडच्या काठावर गेली. नदी हलली, हद्द मात्र जुन्या कोरड्या पात्रातच राहिली. तेव्हा आम्ही लँकेशायरच्या काठावर राहणारी यॉर्कशायरची माणसं. विनीचा जन्म माझ्या शेजारच्याच घरातला. यॉर्कशायरच्या क्रिकेट संघात तिथे जन्मलेल्यालाच घेतात, त्यामुळे तिच्या बापाला मुलगा झाला असता तर काय आनंद झाला असता! पोरगी झाली म्हणून तो दोन दिवस रुसून बसला होता. पुढे तोच तिला अंगणात बॉल टाकायचा. कागदावर लँकेशायर लिहिलं असेल ते तिच्या नवऱ्याने, ॲल्फने. तो पलीकडचा, आणि चावट.

आता ओठांचं. मी आणि विनी तेराव्या वर्षी साचेखात्यात, म्हणजे गिरणीच्या विणकाम खात्यात लागलो. तिथे शेकडो माग एकदम चालायचे. आवाज इतका, की शेजारची कानात किंचाळली तरी ऐकू यायचं नाही. म्हणून आम्ही आवाज काढतच नसू. तोंड मोठं मोठं हलवून, भुवया, हात, खांदे वापरून बोलायचं आणि समोरचीने ओठ वाचायचे. त्याला आम्ही मी-मॉ म्हणतो. खात्याच्या या टोकाची बाई त्या टोकाच्या बाईला कालच्या भांडणाची सगळी हकीकत सांगायची, आणि मुकादमाला पत्ता नसायचा. सुईचं म्हणाल तर, धोट्यातून, म्हणजे मागावर आडवा धागा नेणाऱ्या लाकडी तुकड्यातून, सूत ओवताना आम्ही त्याच्या भोकाशी ओठ लावून श्वासाने ओढून घ्यायचो. धोट्याचा मुका म्हणायचे त्याला. त्यापायी पुढचे दात गेले माझे.

साचेखात्यातून आलेल्या बायकांचे कान म्हातारपणी जातातच. विनी ओ देत नाही कारण तिला ऐकू येत नाही. आणि स्वतःचा आवाजही ऐकू येत नसला की माणूस परत ओठांवर येतं. तुमच्यापैकी कुणी तिच्यासमोर उभं राहून, तिच्या तोंडाकडे बघून बोललंय का? की सगळेच पाठीमागून हाका मारता आणि मग आश्रमाचा पत्ता शोधता?

रिकाम्या खुर्चीसमोर ती काय करते म्हणता? ॲल्फ आमच्याच गिरणीत जॉबर होता. माग दुरुस्त करता करता त्याने तिला लग्नाचं विचारलं ते ओठांनीच, आणि तिने 'हो' म्हटलेलं सगळ्या खात्याने वाचलं. ती त्याच्याशी बोलते, आणखी काय करणार?

हेस्टर विडॉप

•

गीलाँग
१८ मार्च

प्रिय मिसेस विडॉप,

तुमचं पत्र वाचून मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. अर्धं रागाने, अर्धं कशाने ते कळलं नाही.

मी त्यांच्या वाईटावर नाही. मी दिवसभर पोस्टात उभी असते. त्या दोनदा गॅस चालू ठेवून बागेत जाऊन बसल्या. दुसऱ्या वेळी धाकटी मुलगी घरात झोपली होती. हे तुमच्या कुठल्याही गिरणीने समजावता येत नाही. आणि एक गोष्ट मी पहिल्या पत्रात लपवली. आश्रमात नाव नोंदवून झालंय. जुलैत खोली रिकामी होईल असं ते म्हणतात.

तरी तुम्ही सांगितलं तसं करून पाहिलं. समोर स्टूल ओढून बसले आणि आवाज न काढता तोंड मोठं करून म्हटलं, "चहा घेणार?" त्यांनी माझ्याकडे इतका वेळ बघितलं की मला लाज वाटायला लागली. मग त्यांनी ओठांनीच काहीतरी लांबलचक उत्तर दिलं. मला एक अक्षर कळलं नाही. मी "हो हो" केलं. त्यांना कळलं की मला कळलं नाही. त्यांनी माझ्या गालावर हात ठेवला आणि आवाज काढून, खरखरीत आवाजात म्हणाल्या, "राहू दे बाई. दोन साखर."

डोनाल्डला तुमचं पत्र वाचायला दिलं. तो ॲल्फच्या भागापाशी थांबला. म्हणाला, "आमच्या घरी संध्याकाळी कुणी बोलायचंच नाही. मी अभ्यास करायचो आणि ते दोघं चुलीच्या दोन बाजूंना गप्प बसलेले असायचे. मला वाटायचं यांचं एकमेकांशी पटत नाही. मी सतराव्या वर्षी घर सोडलं ते त्या शांततेला कंटाळून." मी म्हटलं, "अरे, पण ते बोलत असतील." तो म्हणाला, "सतरा वर्षं? आणि मला दिसलं नाही?" मग उठून अंगणात गेला आणि अंधार पडेपर्यंत कुंपणाची तीच फळी घासत बसला.

त्याचा विश्वास बसत नाही. खरं तर त्याला विश्वास ठेवायची भीती वाटते असं मला वाटतं. तो म्हणतो, आई नुसती तोंड हलवते की खरंच काही बोलते, हे आम्हाला कसं कळणार? इथे ते वाचणारं दुसरं कुणी नाही.

जॉइस

•

टेंटर रो, वेनशॉ
२ एप्रिल

प्रिय जॉइस,

मी तुला फाडून खाल्लं, ते चुकलं माझं. गॅस ती विसाव्या वर्षीही उघडा ठेवायची, पण तेव्हा घरात लहान पोर नव्हती. तुझी काळजी खरी आहे.

अक्षर मोठं आलंय त्याकडे बघू नकोस. नवीन पेन घेतलंय, त्याचं टोक जाड आहे.

मी एक ठरवलंय. दर सात वर्षांनी आमच्या गावात हद्दीची फेरी निघते. पाद्री पुढे, गाव मागे, हातात विलो झाडाच्या काठ्या. जुन्या कोरड्या पात्रातून जायचं आणि हद्दीचा प्रत्येक दगड काठीने बडवायचा. नवीन पोरांना उचलून दगडावर आपटायचं, म्हणजे बूड दुखलं की हद्द कुठे ते जन्मभर लक्षात राहतं. यंदाची फेरी शेवटची. पुढच्या एप्रिलच्या एक तारखेपासून सरकार आमचं सगळंच गाव लँकेशायरमध्ये घालतंय. तारीखसुद्धा काय निवडली आहे! इथल्या म्हाताऱ्यांनी जेवण टाकलंय. गिरणी बंद झाली तेव्हा इतके रडले नव्हते. त्या गिरणीत आता गालिचे साठवतात. पूर्वी रंगखात्याचं पाणी नदीत सुटायचं, तेव्हा नदीचा रंग बघून कुठला माल निघालाय ते सांगता यायचं. आता ती नुसती पाण्याच्या रंगाची वाहते.

शाळेचे क्लेग मास्तर फेरीची फिल्म काढणार आहेत. त्यांच्या कॅमेऱ्याला आवाज टिपता येत नाही, म्हणून बिचारे माफी मागत होते. मी म्हटलं, मास्तर, आवाज हवाय कुणाला?

मी त्या कॅमेऱ्यासमोर उभी राहून विनीशी बोलणार आहे. तुझ्या नवऱ्याला म्हणावं, तू आईच्या तोंडाकडे बघ. मी काय बोलले ते तिला आधी कुणीही सांगायचं नाही, आणि मीही इथे लिहीत नाही. फक्त एक गोष्ट तुला वेगळ्या पाकिटात पाठवते आहे. फिल्ममध्ये मी तिला एक प्रश्न विचारणार आहे, त्याचं उत्तर त्यात आहे. आधी फिल्म दाखवायची. तिने उत्तर दिलं की मगच पाकीट फोडायचं. डोनाल्डलाच फोडू दे.

जुलैच्या आत पोचवते.

हेस्टर

•

टेंटर रो, वेनशॉ
६ जून

प्रिय जॉइस,

डबा सोबत आहे. मास्तर म्हणाले उन्हात ठेवू नका.

फेरी छान झाली. कोरड्या पात्रात आता कुणीतरी कोंबड्या पाळल्यात, त्यांच्यामधूनच पाद्रीबुवा अंगरखा सावरत गेले. शेवटच्या दगडाशी मी म्हटलं, मलाही आपटा. सगळे म्हणायला लागले, "हेस्टर, वयाचं काही बघ!" मी म्हटलं, पुढच्या वर्षी दगड असेल पण हद्द नसेल, मग माझ्या बुडाला आठवण कोण देणार? शेवटी खाटकाने आणि पोस्टमनने मला उचललं आणि अंड्यासारखं अलगद टेकवलं. ते फिल्ममध्ये आहे. विनी हसेल.

त्यानंतर मी एकटी पुलावर उभी आहे, गावाकडे पाठ करून. ते तिच्यासाठी.

प्रकाश फार चांगला होता त्या दिवशी.

हेस्टर

•

गीलाँग
१ जुलै

प्रिय हेस्टरआंटी,

आता तुम्हाला मिसेस विडॉप म्हणणं जमत नाही, राग मानू नका.

काल शाळेतून प्रोजेक्टर आणला. बैठकीच्या खोलीत चादर लावली. सासूबाईंना काही सांगितलं नव्हतं. त्यांना वाटलं मुलांसाठी कार्टून आहे, म्हणून विणकाम घेऊन कोपऱ्यात बसल्या.

पाद्री आले, कोंबड्या आल्या. त्यांनी मान वर केली. तुम्हाला उचललं तेव्हा त्या इतक्या मोठ्याने हसल्या की कुत्रं भुंकायला लागलं. मग पूल आला. तुम्ही बोलायला लागलात. आम्हाला दिसत होती ती एक म्हातारी बाई, तोंड वेडंवाकडं करणारी. आणि सासूबाई, आंटी, त्या उठल्या. विणकाम पडलं. चादरीपाशी गेल्या आणि तुमच्याशी बोलायला लागल्या. तुमचं वाक्य संपायचं, त्यांचं सुरू व्हायचं. मध्येच त्या तुम्हाला बोट दाखवून काहीतरी रागावल्या, आणि जणू ते ऐकून पलीकडे तुम्हीही हसलात! तुम्ही एक महिना आधी हसला होतात, त्यांनी रागवायच्या जागेवर.

मग तुमचा प्रश्न आला असावा. कारण त्या डोनाल्डकडे वळल्या आणि आवाज काढून म्हणाल्या, "हेस्टर विचारते, लग्नाच्या दिवशी चर्चमध्ये उशीर का झाला. अरे, तुझ्या बापाचा बूट नदीत पडला होता. माझ्या भावाने पुलावरून फेकला. मग तो एका बुटात उभा राहिला लग्नाला, आणि पाद्र्याला कळू नये म्हणून मी आपल्या झग्याचा घोळ त्याच्या पायावर पसरून उभी राहिले."

डोनाल्डने पाकीट फोडलं. तुम्ही त्यात एवढंच लिहिलं होतं: बूट. डावा.

नंतर त्याने सासऱ्यांची खुर्ची ओढून आईसमोर घेतली, तिच्यात तो आजवर कधी बसला नव्हता. समोर बसून त्याने तोंड मोठं केलं, आणि आवाज न काढता विचारलं. एवढं मलाही वाचता आलं. "तुम्ही दोघं रोज काय बोलायचात?" त्या म्हणाल्या, "तुझ्याबद्दल. दुसरा विषयच नव्हता आम्हाला. तू अभ्यास करायचास ना, म्हणून आवाज करत नसू."

आज सकाळी त्याने आश्रमाला फोन करून नाव काढायला सांगितलं. गॅसच्या जागी विजेची शेगडी घेतोय. डॉक्टरांनी मध्यंतरी कानाचं यंत्र दिलंय, ते सासूबाई एप्रनच्या खिशात ठेवतात आणि त्याला "तो मुकादम" म्हणतात. विसरतात त्या, अजूनही विसरतात. काल मला दोनदा बाई कोण तुम्ही म्हणाल्या. पण ते आता आम्ही समोर बसून बोलू.

एकच मला कळलं नाही. शेवटी तुम्ही काहीतरी बोललात तेव्हा त्यांचं हसू गेलं. मी विचारलं तर म्हणाल्या, "ते हेस्टरचं आहे." मी म्हटलं, आपणही तुमची फिल्म काढून पाठवू. तर हट्टाला पेटल्या. फिल्म नको. आवाजाचं यंत्र आणा, आणि लवकर आणा. ज्यांना स्वतःचा आवाज ऐकू येत नाही त्यांना टेपवर का बोलायचंय, देव जाणे. बहुधा तुमच्यासारखीच काहीतरी गंमत करायची असेल. डोनाल्ड त्याच्या मित्राचा टेपरेकॉर्डर घेऊन आला. सासूबाईंनी आम्हाला खोलीबाहेर काढलंय आणि दाराला खुर्ची लावली आहे.

तुमची,
जॉइस

•

टेंटर रो, वेनशॉ
५ ऑगस्ट

विने,

हे पत्र जॉइसला वाचू दे. आता लपवण्यासारखं उरलेलं नाही, आणि ते कसं उरलं नाही तेही ऐक.

मी गावाकडे पाठ करून बोलले ते मुद्दाम, की माझ्या डोळ्यांची गोष्ट तुझ्याशिवाय कुणाला कळू नये. क्लेग मास्तर बाहेरचे, त्यांना काय कळतंय म्हणून निर्धास्त होते. पण त्यांना आपल्या फिल्मचा इतका अभिमान, की पाठवायच्या आधी त्यांनी चॅपलच्या हॉलमध्ये सगळ्या गावाला दाखवली. मला न विचारता. पहिल्या दोन रांगांत कोण बसलं होतं? आपल्या साचेखात्यातल्या झाडून सगळ्या! मी भिंतीवर तोंड हलवायला लागले, "विने, माझ्या डोळ्यांवर पडदा येतोय, डॉक्टर म्हणतात हिवाळ्यापर्यंत फार काही दिसणार नाही, हे मी कुणाला सांगितलेलं नाही," आणि ती सगळी रांग एकदम मागे वळून माझ्याकडे बघायला लागली. मास्तर विचारतात, काय झालं, फिल्म तुटली का?

तेव्हापासून सगळ्याजणी आणून देतात ते सूप ठेवायला घरात जागा नाही. आपल्या खात्यातल्या एथेलने तर मला धरून चालायला पुलापर्यंत दोरी बांधायची म्हटलं. मी तिला म्हटलं, मेली नाहीये मी. जॉइस, पोरी, पेनाचं टोक जाड नव्हतं. आणि हे पत्रही मी बोलतेय, एथेल लिहितेय. तिला मधेमधे स्वतःचं घालायची सवय आहे, सांभाळून वाच. (मी काहीही घातलेलं नाही. एथेल.)

तुझी टेप काल आली. पोस्टमनने यंत्र लावून दिलं. मी त्याला बाहेर जायला सांगितलं आणि दाराला खुर्ची लावली.

विने, आपण नऊ वर्षं शेजारी शेजारी उभ्या होतो. तुझी भुवई कुठल्या शब्दाला किती वर जाते ते मला ठाऊक. तुझ्या ओठांचा कोपरा हलला की पुढचं वाक्य मला आधीच कळायचं. पण तुझा आवाज मी किती ऐकला? गिरणीतून घरापर्यंतच्या रस्त्यावर, तोही कान बधिर झालेले असताना. मग तू गेलीस ऑस्ट्रेलियाला. काल त्या डब्यातून एक म्हातारी बोलायला लागली, खरखरीत, चुकीच्या जागी थांबणारी, आणि मला पहिल्यांदा वाटलं, ही कोण?

मग तू म्हणालीस, "हेस्टर, माझे कान गेले, तुझे डोळे चाललेत. तर आता अशी वाटणी करू. मी तुला आवाज पाठवीन, तू मला तोंड पाठव. मला माझा आवाज कसा येतो ते कळत नाही, वाईट असेल तर हसू नकोस."

मी हसले नाही. मी शेवटपर्यंत ऐकलं, बूट फेकणाऱ्या भावाला दिलेल्या शिव्यांसकट. टेप संपल्यावर ते चाक नुसतंच फिरत राहिलं, घर शांत होतं, आणि माझ्या लक्षात आलं की मी तुला उत्तर देतेय. आवाज न काढता. अंधुक खिडकीकडे बघून तोंड हलवत बसले होते कितीतरी वेळ.

क्लेग मास्तरांना बोलावलंय उद्या. प्रकाश चांगला आहे अजून. यावेळी मी गावाकडे तोंड करून बोलणार आहे, वाचू देत सगळ्यांना.

तुझी,
हेस्टर